कंप कोणाचा आणि दोष कोणाचा ?

गेल्या सत्रांत बी. ए. च्या वर्गास भाषांतराच्या सरावासाठीं आम्हीं एका इंग्रजी वृत्तपत्रांतील लहानसा उतारा दिला होता. उतारा एका निवडणुकीविषयीं होता, आणि त्याच्या पहिल्याच वाक्यांत त्या निवडणुकीच्या निकालास 'पोलिटिकल अर्थक्वेक' असें म्हटलें होतें. चाळीस-बेचाळीस वह्या आम्हीं तपासल्या. बहुतेकांनीं 'राजकीय भूकंप' असें लिहून वेळ मारून नेली होती. आणि त्यांत त्यांचा दोष तरी काय? आमचीं मराठी वृत्तपत्रेंही रोज तेंच लिहितात. एका वहींत मात्र त्या शब्दांची जागा कोरी सोडलेली होती. वही वर्गांतील एका हुशार मुलीची होती. तिला तो शब्द ठाऊक नसावा हें संभवत नव्हतें. दुसऱ्या दिवशीं तिला विचारतां ती क्षणभर घुटमळली व म्हणाली, "सर, शब्द येतो. पण आमच्या घरांत तो असा कोणी वापरीत नाहीं."

ती मुलगी किल्लारीच्या परिसरांतील एका गांवची. १९९३ सालच्या ३० सप्टेंबरच्या पहांटे, तिच्या जन्माच्या पुष्कळ आधीं, तिच्या आजीचा थोरला मुलगा, सून आणि एक नातवंड घराच्या भिंतींखालीं गेलीं. मुलीचे वडील तेव्हां शिक्षणासाठीं लातुरास होते. आजी अंगणांत निजली होती म्हणून वांचली. आजी आतां ऐशींच्या घरांत आहे. ती भूकंप हा शब्द उच्चारीत नाहीं. 'ती रात्र' एवढेंच म्हणते. आणि अजूनही मधूनच, कोणी कांहीं न विचारतां, ती म्हणते, "आमचें काय चुकलं होतं ?" त्या वर्षीं तुळजापूरच्या देवीस बोललेला एक नवस फेडावयाचा राहून गेला होता. मदतीच्या गाड्यांबरोबर आलेल्या कोणा एका गृहस्थानें तेव्हां चारचौघांत, गांवांत कांहीं पाप घडल्यावांचून धरणी अशी कोपत नाहीं, असें बोलून दाखविलें होतें. तीस वर्षें होऊन गेलीं. तें वाक्य आणि तो नवस यांची त्या वृद्धेच्या मनांत जी गांठ बसली आहे ती कांहीं केल्या सुटत नाहीं. "तिला काय सांगावं, सर ?" असें त्या मुलीनें आम्हांस विचारलें. आम्ही निरुत्तर झालों. पुढील विवेचन हा त्या प्रश्नास उशिरानें कां होईना, पण उत्तर देण्याचा प्रयत्न आहे. आमचा व्यवसाय शब्दांचा; तेव्हां शब्दापासूनच आरंभ करणें आम्हांस सोयीचें.

'अर्थक्वेक' हा इंग्रजींतील सामासिक शब्द आहे. त्यांतील 'अर्थ' म्हणजे पृथ्वी आणि 'क्वेक' म्हणजे कांपणें. या दुसऱ्या पदाचें प्राचीन इंग्रजींतील रूप 'क्वाकियन' असें होतें, आणि थरथरणें, दांतांवर दांत वाजणें हा त्याचा अर्थ होता. म्हणजे हें क्रियापद निव्वळ हालण्याचें नव्हे. घड्याळाचा लंबक हालतो, झोंपाळा हालतो. त्यांस इंग्रज मनुष्य 'क्वेक' हा शब्द लावणार नाहीं. ज्यास थंडी वाजूं शकते, भय वाटूं शकतें, असा देह कांपला म्हणजे तो 'क्वेक'. सतराव्या शतकांत जॉर्ज फॉक्स याच्या अनुयायांस 'क्वेकर' हें नांव पडलें, त्याची खुद्द फॉक्सनें सांगितलेली हकीकत अशी कीं, १६५० सालीं डर्बी येथें न्यायाधीशापुढें उभा असतां त्यानें त्या न्यायाधीशालाच ईश्वराच्या वचनापुढें थरथर कांपण्यास बजाविलें, आणि न्यायाधीशानें थट्टेनें त्याला ही पदवी देऊन टाकली. यावरून एक गोष्ट ध्यानांत येते. 'क्वेक' या शब्दांत कांपणारा आहे, आणि ज्याच्यापुढें कांपावयाचें असा कोणी तरी मोठाही त्यांत अध्याहृत आहे. बायबलांतील स्तोत्रांत ईश्वराच्या कोपापुढें पृथ्वी कांपते. इंग्रजांच्या शब्दांतली पृथ्वी अशी भ्यालेली पृथ्वी आहे.

शास्त्रज्ञांनीं स्वीकारलेला दुसरा शब्द ग्रीक आहे. 'साइझ्मिक', 'साइझ्मॉलॉजी' इत्यादि शब्द ज्या 'सेइस्मॉस' या शब्दापासून निघाले, त्याच्या मुळाशीं असलेल्या धातूचा अर्थ हालणें नसून हालविणें असा आहे. हालविणारा कोण, हें ग्रीकांस विचारावें लागत नसे. समुद्राचा देव पोसायडन यास होमर 'धरणी हालविणारा' हें विशेषण लावतो. हा देव रागीट. त्याच्या हातांत त्रिशूळ.

आतां आमचा शब्द पाहावा. संस्कृतांतील 'कम्प्' हा धातु अकर्मक आहे, आणि तो कोणत्याही एका भावनेस बांधलेला नाहीं. आमच्या साहित्यशास्त्रांत कंपाची, म्हणजे वेपथूची, गणना आठ सात्त्विक भावांत होते. तो भयानें होतो, क्रोधानें होतो, आणि हर्षानें किंवा प्रेमानेंही होतो. ज्या पृथ्वीस कोशकारांनीं 'अचला' व 'स्थिरा' हीं नांवें दिलीं, 'क्षमा' व 'सर्वंसहा' हींही दिलीं, तीच कांपूं लागली म्हणजे 'भूकंप'. लोकांची समजूत अशी कीं, पृथ्वीचा भार वाहून शेष थकतो, तो भार एका फण्यावरून दुसऱ्या फण्यावर घेतो, आणि धरणी हालते. वराहमिहिरानें बृहत्संहितेंत भूकंपाविषयींचीं अनेक मतें दिलीं आहेत : कोणी म्हणतात, समुद्रांतील प्रचंड प्राण्यांमुळें तो होतो, कोणी म्हणतात, पृथ्वी धारण करणारे दिग्गज थकून विसावा घेतात त्यामुळें, कोणी म्हणतात, वाऱ्यावर वारा आदळून, आणि कोणी अदृष्टाकडे बोट दाखवितात. इंग्रजांची पृथ्वी भिते, ग्रीकांचा देव रागावतो आणि आमचा शेष थकतो, असा हा गमतीचा भेद आहे. थकलेल्यानें खांदा बदलला तर त्यांत कोणास शिक्षा करण्याचा हेतु नसतो. एवढ्यावरून आमचे पूर्वज इतरांहून अधिक शहाणे होते असा टेंभा मिरविण्याचें मात्र कारण नाहीं. त्याच ग्रंथांतील त्याच अध्यायांत कोणत्या प्रकारच्या कंपानें कोणत्या प्रदेशास व कोणत्या लोकांस कोणतें फळ मिळतें याची सविस्तर यादीही आहे.

वाचकांनीं येथें व्याकरणांतील एका साध्या भेदाकडे लक्ष द्यावें, कारण आमच्या सर्व विवेचनाचा आधार तोच आहे. 'धरणी कांपली' हें वाक्य अकर्मक आहे. त्यांत क्रिया धरणीपाशीं सुरू होते आणि धरणीपाशींच संपते. 'कोणी तरी धरणी कांपविली' हें प्रयोजक वाक्य आहे. त्यांत धरणीच्या मागें एक कर्ता उभा राहतो. आणि कर्ता आला कीं त्याच्या मागोमाग हेतु येतो, हेतूच्या मागोमाग अपराधी येतो. पहिल्या वाक्यावरून दुसऱ्यावर मन इतक्या सहज घसरतें कीं आपण घसरलों हें कळतही नाहीं. 'काय झालें ?' असें विचारतां विचारतां आपण 'कोणामुळें झालें ?' असें विचारूं लागतों, आणि उत्तर मिळालें नाहीं तर शेजाऱ्याकडे पाहूं लागतों. शेजारी चांगला असला तर स्वतःकडे.

या घसरण्याचें एक हास्यकारक उदाहरण इंग्लंडच्या इतिहासांत आहे. १७५० सालीं ८ फेब्रुवारी व ८ मार्च या दोन दिवशीं लंडन शहरास भूकंपाचे धक्के बसले. धक्के सौम्य होते. लोक घाबरले, पण शहर उभेंच राहिलें. तथापि दोन धक्क्यांत नेमकें चार आठवड्यांचें अंतर पडलें होतें. तेवढ्यावरून एका शिपायानें आणखी चार आठवड्यांनीं तिसरा धक्का येऊन शहराचा नाश होईल असें भविष्य वर्तविलें. लंडनचे बिशप टॉमस शेरलॉक यांनीं नगरवासीयांस उद्देशून एक पत्र प्रसिद्ध करून, शहरांतील अधर्म व अनीति यांबद्दल ईश्वरानें दिलेली ही ताकीद आहे असें सांगितलें. तें पत्र हातोहात खपलें. नेमलेला दिवस जवळ आला तसे सधन लोक शहर सोडून निघाले. तीन दिवसांत हाइड पार्कच्या कोपऱ्यावरून ७३० गाड्या बाहेर गेल्याचें होरेस वॉल्पोल यानें आपल्या पत्रांत लिहून ठेविलें आहे. रात्र उघड्यावर काढण्यासाठीं बायकांनीं उबदार झगे शिवून घेतले व त्यांस 'भूकंपाचे झगे' असें नांव पडलें, हेंही तोच सांगतो. दिवस आला आणि गेला. धरणी हालली नाहीं. ज्यांच्यापाशीं गाड्या होत्या ते परत आले. ज्यांच्यापाशीं गाड्या नव्हत्या त्यांचें पाप ईश्वरास अधिक कां खुपावें, याचा खुलासा मात्र कोणी केल्याचें आमच्या वाचनांत नाहीं.

हें हास्य फार दिवस टिकलें नाहीं. १७५५ सालच्या नोव्हेंबरच्या पहिल्या तारखेस, सर्व संतांच्या सणाच्या दिवशीं, सकाळीं साडेनऊच्या सुमारास पोर्तुगालची राजधानी लिस्बन हादरली. सणाचा दिवस असल्यामुळें चर्चें भाविकांनीं भरलेलीं होतीं, आणि त्यांचीं छपरें भाविकांवर कोसळलीं. जे नदीकाठीं मोकळ्या जागेंत धांवले त्यांच्यावर समुद्राची लाट आली. उरलेल्या शहरास आग लागली ती कित्येक दिवस धुमसत होती. हजारों माणसें मेलीं. जेझुइट पंथाचा वृद्ध उपदेशक गाब्रिएल मालाग्रिदा यानें १७५६ सालीं पुस्तिका काढून सांगितलें कीं, या नाशाचें कारण निसर्ग नसून लोकांचीं पापें हेंच आहे, आणि निराश्रितांनीं उघड्यावर खोपटीं उभारण्यांत वेळ दवडण्यापेक्षां पश्चात्ताप करावा. याच मालाग्रिदास पुढें १७६१ सालीं पाखंडाच्या आरोपावरून धर्मन्यायालयाच्या हुकुमानें मरण आलें. त्यांत धर्मापेक्षां राजकारणच अधिक होतें. ज्यास दुसऱ्यांच्या पापाची एवढी खात्री होती त्यासही शेवटीं दुसऱ्या कोणाच्या तसल्याच खात्रीनें गिळलें.

फ्रान्समध्यें व्हॉल्टेर संतापला. 'जें आहे तें सर्व उत्तमच आहे' असें मानणाऱ्या तत्त्वज्ञांस उद्देशून त्यानें एक दीर्घ काव्य लिहिलें, आणि त्यांत विचारलें कीं, लिस्बन हें लंडन व पॅरिस यांहून अधिक पापी होतें काय ? प्रश्न बिनतोड होता. परंतु तो प्रश्नही आकाशाकडे तोंड करूनच विचारलेला होता. जमिनीकडे पाहिलें तें रूसोनें. १७५६ सालच्या ऑगस्टमध्यें व्हॉल्टेरला लिहिलेल्या पत्रांत त्यानें एक साधी गोष्ट दाखवून दिली : सहा-सहा, सात-सात मजल्यांचीं वीस हजार घरें एके ठिकाणीं निसर्गानें कांहीं रचून ठेविलीं नव्हतीं. लोक अधिक विखुरलेले आणि हलक्या घरांत राहणारे असते, तर हानि पुष्कळ कमी झाली असती. आणि कित्येक अभागी जीव तर कोणी कपडे, कोणी कागद, कोणी पैसे काढण्यासाठीं माघारे फिरले म्हणून मेले. रूसोच्या इतर मतांशीं आमचें फारसें जमत नाहीं. तरी भूकंपाच्या नैतिक विचारांत हें एक पत्र अनेक प्रवचनांच्या तोलाचें आहे असें आम्ही समजतों. कारण एका वाक्याचीं त्यानें दोन वाक्यें केलीं. धरणी कांपते, हें एक वाक्य. घर पडतें, हें दुसरें. पहिल्यांत कर्ता शोधूं नये. दुसऱ्यांत शोधल्यावांचून राहूं नये.

लिस्बनच्या राज्यकारभाराचीं सूत्रें तेव्हां पोंबाल याच्या हातीं होतीं. तो मोठा कठोर व पुष्कळ अंशीं क्रूर पुरुष होता. पण हीं दोन वाक्यें त्यास वेगळीं ओळखतां आलीं. नवें शहर उभारतांना घरांच्या भिंतींत लांकडाचा पिंजरा बसविण्याची पद्धत त्याच्या अमदानींत घालून देण्यांत आली, म्हणजे दगडमाती ढांसळली तरी सांगाडा उभा राहावा. गांवोगांवच्या धर्मोपदेशकांकडे प्रश्नावली धाडण्यांत आली : धक्का किती वेळ टिकला, समुद्र आधीं मागें हटला कीं पुढें आला, किती घरें पडलीं, किती माणसें मेलीं. ती धर्मोपदेशकांकडेच गेली होती, तरी तींत लोकांच्या पापांची यादी मागितलेली नव्हती.

हाच वाद पुढें आमच्या देशांत झाला, आणि तो आमच्या दोन थोर पुरुषांमध्यें झाला. १९३४ सालच्या १५ जानेवारीस बिहार व नेपाळ येथें भयंकर भूकंप होऊन दहा हजारांवर माणसें मेलीं. गांधीजी त्या वेळीं अस्पृश्यतानिवारणाच्या दौऱ्यावर दक्षिणेंत होते. बिहारवरील संकट हें अस्पृश्यतेच्या पापाबद्दल ईश्वरानें केलेलें शासन आहे असें त्यांनीं जाहीरपणें सांगितलें. अस्पृश्यता हें पाप आहे याविषयीं रवींद्रनाथांच्या मनांत तिळमात्र संशय नव्हता. तरीही त्यांनीं निषेध केला. भौतिक उत्पातांचीं कारणें भौतिकच असतात, असें त्यांचें म्हणणें होतें. शिवाय अशा प्रकारची विचारसरणी गांधीजींपेक्षां त्यांच्या विरोधकांच्याच मनोवृत्तीस अधिक शोभणारी आहे, असेंही त्यांनीं बजाविलें. हा दुसरा मुद्दा फार मार्मिक आहे. भूकंप हा मुका साक्षीदार आहे. ज्या पक्षास हवें त्यानें त्याच्या तोंडीं शब्द घालावे. अस्पृश्यता पाळल्याबद्दल शासन झालें असें एकानें म्हटलें, कीं ती मोडूं पाहिल्याबद्दल झालें असें दुसऱ्यानें म्हणावयास कांहींच अडचण नाहीं. आणि ढिगाऱ्याखालीं गेलेल्यांत ज्यांनीं अस्पृश्यतेचा जांच आयुष्यभर सोसला तेही होते, त्याची वाट काय ?

गांधीजींनीं रवींद्रनाथांचें तें पत्रक १६ फेब्रुवारीच्या 'हरिजन'मध्यें स्वतःच छापलें, आणि आपल्या श्रद्धेशीं आपण ठाम आहों असें उत्तर दिलें. या वादांत आमचें मत रवींद्रनाथांच्या बाजूस पडतें. पण गांधीजींना न्याय देण्यासाठीं एक भेद सांगितला पाहिजे. ते 'तुमचें पाप' असें म्हणत नव्हते. 'आपलें पाप' असें म्हणत होते, आणि त्या 'आपलें'मध्यें स्वतःस धरीत होते. शिवाय थोड्याच दिवसांत ते बिहारांत गेले. आणि राजेंद्रप्रसाद तर तुरुंगांतून सुटतांच मदतीच्या कार्यास लागले होते. त्या कार्यांत कोणी पाप मोजीत बसलें नाहीं. धान्य, घोंगड्या व पिण्याचें पाणी मोजलें. मनुष्याचे सिद्धान्त चुकले तरी त्याचे हात बरोबर असूं शकतात, ही समाधानाची गोष्ट आहे. उलट, त्या किल्लारीच्या परिसरांत आलेल्या गृहस्थाचे हातही मदत करीत होतेच. त्याच्या एका वाक्यानें मात्र जें केलें तें त्यानें आणलेल्या धान्यानें भरून निघालेलें नाहीं. आत्मपरीक्षण ही चांगली गोष्ट आहे, पण त्यासाठीं दुसऱ्याचें घर पडण्याची वाट पाहावी लागत नाहीं. दुःखितानें 'माझें काय चुकलें ?' असें विचारणें स्वाभाविक आहे. पाहणाऱ्यानें त्यास 'होय, तुझें कांहीं तरी चुकलें असेल' असें उत्तर देणें हें क्रौर्य आहे.

येथपर्यंत आम्हीं एका चुकीविषयीं बोललों : जेथें कर्ता नाहीं तेथें तो आणून बसविण्याच्या. परंतु हिची एक जुळी बहीण आहे, आणि आजच्या काळांत ती अधिक बोकाळली आहे. जेथें कर्ता आहे तेथून तो उचलून दडविणें, ही ती चूक. इंग्रजी कायद्यांत 'ॲक्ट ऑफ गॉड', म्हणजे ईश्वरी कृत्य, असा एक प्रयोग आहे. ज्यास मनुष्याचा इलाज नाहीं अशा आपत्तीबद्दल मनुष्यास जबाबदार धरूं नये, हा त्यामागील हेतु न्याय्यच आहे. पण खोटें सिमेंट घालणाऱ्या कंत्राटदारास, नकाशावर डोळे मिटून सही करणाऱ्या अधिकाऱ्यास ईश्वराचें नांव किती सोयीचें पडतें ! आमच्या पूर्वजांपाशीं याहून नेमकी भाषा होती. ते संकटाचे दोन भाग करीत : एक अस्मानी आणि दुसरें सुलतानी. पाऊस न पडणें हें अस्मानी. पडलेल्या दुष्काळांतही सारा वसूल करणें हें सुलतानी. ही वांटणी भूकंपास तंतोतंत लागते.

किल्लारीच्या भूकंपाची तीव्रता रिश्टर मापावर साधारण ६.२ ते ६.४ होती. सरकारी गणनेप्रमाणें जवळजवळ आठ हजार माणसें मेलीं. त्याआधीं चार वर्षें, १९८९ च्या ऑक्टोबरांत, अमेरिकेंतील सॅन फ्रॅन्सिस्कोच्या प्रदेशांत ६.९ तीव्रतेचा, म्हणजे पुष्कळ अधिक बलवान, भूकंप झाला होता. त्यांत ६३ माणसें मेलीं. या फरकाचीं कारणें एकाहून अधिक आहेत. एक भूकंप पहांटे चारच्या सुमारास, आदल्या दिवशीं गणपति बोळवून थकलेलीं माणसें गाढ निजलीं असतां आला. दुसरा संध्याकाळीं, लोक जागे असतां. परंतु सर्वांत मोठें कारण घर हें होतें. लातूर-उस्मानाबादकडील घरांच्या भिंती दोन-तीन फूट जाडीच्या, दगडाच्या व चिखलाच्या. दोन्ही बाजूंस दगड लावून मधें भर भरलेली, आणि दोन्ही बाजूंस सांधणारा आरपार दगड क्वचितच घातलेला. वर माळवद, त्यावर मातीचा फूट-दोन फुटांचा थर. उन्हाळ्यांत हें घर आईच्या कुशीसारखें गार राहतें. तीच भिंत हादऱ्यानें मधोमध उकलली, आणि माळवद निजलेल्यांवर आलें.

मग दोष कोणाचा ? घर बांधणाऱ्या गरीब शेतकऱ्याचा, असें म्हणणें म्हणजे देवाच्या जागीं बसवावयास दुसरा एक निरपराध अपराधी शोधणें होय. तो प्रदेश कमींत कमी धोक्याच्या पट्ट्यांत मोडतो असें शास्त्रज्ञांचेंच मत होतें. शेतकऱ्यानें हातीं असलेल्या दगडानें, आजोबांनीं शिकविल्याप्रमाणें, उन्हाथंडीपासून लेंकरांचें रक्षण करणारें घर बांधलें. भूकंपास टिकाव धरणाऱ्या बांधकामाचे भारतीय नियम १९६२ पासून छापलेले होते. पण छापलेलें ज्ञान आणि गवंड्याच्या हातांतलें ज्ञान यांत तीस वर्षांचें अंतर राहिलें. त्या अंतराचें उत्तरदायित्व आम्हां सुशिक्षितांवर येतें. तें वृद्धेच्या नवसावर येत नाहीं. अज्ञान हा अपराध नव्हे. कळल्यावरही न करणें हा अपराध. आणि १९९३ नंतर आपणांस कळलें आहे. यापुढें अशीच भिंत पडली तर धरणीचें नांव सांगतां येणार नाहीं.

आतां त्या कोऱ्या जागेकडे वळूं. शब्द झिजतात, हें भाषेच्या अभ्यासकास नवें नाहीं. ज्या लॅटिन धातूपासून कंपवाचक 'ट्रेमर' हा शब्द आला त्यापासूनच 'ट्रिमेंडस' आला. ज्याच्यापुढें थरथर कांपावें असा त्याचा मूळचा अर्थ. आज चहा चांगला झाला तरी इंग्रज मनुष्य त्यास 'ट्रिमेंडस' म्हणतो. 'एपिसेंटर' म्हणजे जमिनीखालीं जेथें भूकंपाचा उगम होतो त्याच्या नेमक्या वरचा भूपृष्ठावरील बिंदु; आज फॅशनचें, रोगाचें, घोटाळ्याचें, कशाचेंही केंद्र 'एपिसेंटर' होतें. यावर नाकें मुरडीत बसणें आम्हांस मान्य नाहीं. रूपक हा भाषेचा प्राण आहे, आणि दुःखाचे शब्द सुखांत वापरूं नयेत असा नियम केला तर बोलणेंच बंद पडेल.

परंतु 'राजकीय भूकंप' या रूपकांत झिजण्याहून निराळा दोष आहे. निवडणुकीचा निकाल हें मनुष्यांचें कृत्य आहे. लाखों हातांनीं विचारानें किंवा अविचारानें केलेलें. शेअरबाजार कोसळतो त्याच्या मागें माणसांचा लोभ असतो. सरकार पडतें त्याच्या मागें माणसांचें फितणें असतें. या सर्वांस 'भूकंप' म्हटलें कीं कर्ता नाहींसा होतो. कोणी केलें नाहीं, झालें. कोणी उत्तर देणें लागत नाहीं, कारण धरणीस कोण जाब विचारणार? म्हणजे प्रवचनकार अस्मानी गोष्टीस सुलतानी करतो, आणि वृत्तपत्रकार सुलतानी गोष्टीस अस्मानी करतो. दोघांच्या वाक्यांत एकच व्याकरणदोष आहे. दिशा तेवढी उलट.

तेव्हां त्या मुलीस आम्हीं काय सांगितलें ? हें सर्व सांगितलें नाहीं. तें तिला कळलें असतें, पण तिच्या आजीच्या उपयोगीं पडलें नसतें. आम्हीं तिला एवढेंच म्हटलें, "आजींना सांग कीं, धरणी कांपली ती कोणावर रागावून नव्हे. तिला तुमचें गांव ठाऊक नव्हतें, नवस ठाऊक नव्हता, तुम्हीही ठाऊक नव्हतां." हें उत्तर कोरडें आहे, याची आम्हांस जाणीव आहे. जो देव रागावतो त्याची मनधरणी तरी करतां येते. ज्या धरणीस आपण ठाऊकच नाहीं तिच्यापाशीं काय मागावें? शास्त्र दोषांतून सोडवितें, पण जवळ घेत नाहीं. जवळ घेण्याचें काम माणसांसच करावें लागतें.

ती सुटींत गांवीं जाऊन आली. आजीनें तें वाक्य दोनदां म्हणावयास लावलें, असें तिनें सांगितलें. मग बराच वेळ आजी कांहीं बोलली नाहीं, आणि शेवटीं म्हणाली, "त्यो नवस मात्र मी फेडणार हाय. पण आता भ्यानं न्हाई." पुढल्या आठवड्यांत त्या दोघी तुळजापुरास जाऊन आल्या.

भाषांतराची वही आम्हीं त्या मुलीस परत दिली होती. कोऱ्या जागेंत तिनें नंतर स्वच्छ अक्षरांत लिहून आणलें होतें : 'मतदारांनीं जुन्या सरकारास काढून टाकलें.' मूळ इंग्रजींत असा शब्द एकही नव्हता. आम्हीं पूर्ण गुण दिले.